ई-बाइकच्या मुख्य बॅटरीवर सायकलचे दिवे

बॅटरीचे व्होल्टेज : ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत १० सेल ओळीने (सिरीजमध्ये) जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्ट. उतरल्यावर साधारण ३० व्होल्ट. ४८ व्होल्टच्या बॅटरीत बहुधा १३ सेल. पूर्ण चार्ज ५४.६ व्होल्ट.

दिव्याचे व्होल्टेज : बहुतेक ६ किंवा १२ व्होल्ट डीसी. थेट जोडल्यास दिवा जळतो. थेट जोडता येणाऱ्या दिव्यांवर तशी व्होल्टेज-मर्यादा छापलेली असते.

जोडणीचे तीन मार्ग
• मोटर किंवा कंट्रोलरवरची दिव्यांची खास वायर. व्होल्टेज व कमाल वॅट माहितीपत्रकात पाहावे.
• डीसी-डीसी कन्व्हर्टर : बॅटरीचे व्होल्टेज ६ किंवा १२ वर उतरवतो. इनपुट-मर्यादा पूर्ण चार्जच्या व्होल्टेजहून जास्त हवी.
• बॅटरीच्या व्होल्टेजवर थेट चालणारा ई-बाइक दिवा.

डायनमो आणि बॅटरी : डायनमो एसी वीज देतो, बॅटरी डीसी. केवळ एसीसाठी बनवलेला दिवा बॅटरीवर चालेलच असे नाही. डीसी दिव्याला धन-ऋण टोके नीट जुळवावी लागतात.

खर्च किती? : ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. पुढचा-मागचा मिळून ३ वॅटचे दिवे १० तासांत ३० वॅट-तास घेतात, म्हणजे सुमारे ८ टक्के.

हे टाळा : पॅकमधल्या मोजक्या सेलमधून १२ व्होल्ट काढू नका, सेलांचा समतोल बिघडतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच बसवा.