पंक्चरपासून सुटका, पण किंमत मोजूनच
सायकलला बिनहवेची ट्यूब बसवावी का?

प्रतिनिधी

छत्रपती संभाजीनगर : पहिल्या पाळीला सायकलवरून निघालेल्या कामगाराचे चाक वाटेत बसले, तर प्रश्न केवळ पंक्चरच्या पैशांचा उरत नाही. पहाटे पंक्चरची दुकाने बंद असतात. सायकल ढकलत कारखान्याचे फाटक गाठेपर्यंत पाळी सुरू झालेली असते आणि उशिराचा फटका थेट मजुरीला बसतो. त्यामुळेच हवा भरावी न लागणाऱ्या, पंक्चर न होणाऱ्या ट्यूबविषयी कुतूहल वाढावे, हे स्वाभाविक आहे. मात्र ही ट्यूब प्रत्येकाच्या सोयीची आहे काय, याचा विचार खरेदीपूर्वीच केलेला बरा.

काट्यांचे शहर

मराठवाड्याच्या कोरड्या मातीत बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटा यांना तोटा नाही. सराट्याचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात. तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर तोंड करूनच राहतो. पावसाळा सरल्यावर रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या सायकलस्वाराला त्याचा प्रत्यय येतो. औद्योगिक वसाहतींत त्यात लोखंडाचा कीस आणि झिजलेल्या ट्रक टायरांतील बारीक तारांची भर पडते. मोठ्या वाहनांच्या भीतीने सायकलस्वार कडेलाच ढकलला जातो आणि हा सारा कचराही कडेलाच साचतो.

बिनहवेची ट्यूब म्हणजे काय?

नेहमीची ट्यूब म्हणजे हवा कोंडलेली रबरी पिशवी. बिनहवेची ट्यूब ही रबराची किंवा पॉलियुरेथेनसारख्या फेसाळ पदार्थाची भरीव कडी असते. आतील पदार्थात असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे तो काहीसा दबतो. आहे त्याच टायरमध्ये ही कडी बसवता येते. तिला व्हॉल्व्ह नसतो. काटा घुसला तरी बाहेर पडण्यासाठी हवाच नसल्याने चाक बसत नाही. संपूर्ण भरीव टायर हा याचाच दुसरा प्रकार होय.

ही कल्पना नवी नाही. किंबहुना सायकलचे सुरुवातीचे टायर भरीव रबराचेच होते. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पण तो मागे पडला. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर तयार केला आणि काही वर्षांतच भरीव टायर सायकलींवरून जवळपास नाहीसा झाला. पंक्चरचा त्रास पत्करूनही जगाने हवाच का निवडली, यातच आजच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हवेचे गुण

खड्ड्यावर चाक आदळले की हवा दबते आणि लगेच पूर्ववत होते. दबण्यात गेलेली बरीचशी शक्ती ती परत देते. भरीव पदार्थ मात्र दबताना आणि उलगडताना शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने गमावतो. ही तूट भरून काढतात ते सायकलस्वाराचे पाय. शिवाय भरीव कडी साध्या ट्यूबपेक्षा बरीच जड असते. तिने न शोषलेला धक्का रिम, आरे आणि अखेर स्वाराच्या मनगटांपर्यंत पोहोचतो.

उन्हाचाही विचार हवा. येथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. हलक्या प्रतीचा फेसाळ पदार्थ उष्णतेत मऊ पडतो आणि ओझ्याखाली दबून कायमचा चपटा होऊ शकतो. कडी सैल पडली तर ब्रेक दाबताना टायर रिमवर सरकण्याचा धोका असतो.

कोणासाठी योग्य?

कमी वेग, कमी अंतर आणि देखभालीला सवड नाही, अशा ठिकाणी भरीव चाक उत्तम. कारखान्यांतील फोर्कलिफ्ट आणि चाकाच्या खुर्च्या ही त्याची परिचित उदाहरणे. पुण्यात २०१८ मध्ये आलेल्या मोबाईकच्या भाड्याच्या सायकलींनाही बिनहवेचे टायर होते. रस्तोरस्ती विखुरलेल्या सायकलींचे पंक्चर काढत फिरणे कंपनीला परवडणारे नसते आणि एक-दोन किलोमीटर जाणाऱ्याला जडपणाचे फारसे वाटत नाही.

हाच न्याय आपल्या शहराला लावता येईल. शिकवणीला जाणारा विद्यार्थी, वसाहतीलगत राहणारा कामगार, जवळपास दूध किंवा वृत्तपत्रे टाकणारा मुलगा यांना ही ट्यूब उपयोगी पडेल. परंतु शहरातून वाळूजपर्यंत रोज जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर सायकल हाकणाऱ्याला महिन्यातून एखादे पंक्चर परवडेल. प्रत्येक पायडलला द्यावा लागणारा जादा जोर परवडणार नाही.

घेण्यापूर्वी

माप अचूक हवे. '२६ इंची' म्हणून विकली जाणारी सर्व चाके एकाच मापाची नसतात. २६ बाय १ ३/८ या जुन्या पद्धतीच्या टायरचे माप ५९० मिलिमीटर, तर जाड टायरच्या २६ इंची एमटीबी सायकलचे ५५९ मिलिमीटर असते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा आणि टायरची रुंदी पाहूनच कडी घ्यावी. ती बसवणे कष्टाचे असल्याने दुकानदाराकडून मजुरीसह भाव विचारावा. आधी केवळ मागच्या चाकाला बसवून पाहणे शहाणपणाचे. ओझे आणि पंक्चर दोन्ही बहुधा त्याच्याच वाट्याला येतात.

लांब पल्ल्याच्या स्वारांसाठी साधे उपाय आहेत. झिजलेला टायर वेळीच बदलावा. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये संरक्षक पट्टी घालावी. जुनी ट्यूब चिरून केलेली पट्टीही काही प्रमाणात उपयोगी पडते. घरी हातपंप ठेवून आठवड्याला हवा तपासावी, कारण हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली जाऊन एकाच वेळी दोन भोके पडतात. ट्यूबमध्ये घालायचे द्रव सीलंट काट्याची बारीक भोके बुजवते. मोठा काप मात्र त्याने बुजत नाही आणि कालांतराने ते वाळते.

थोडक्यात, बिनहवेची ट्यूब पंक्चरचा त्रास संपवते आणि त्या बदल्यात रोज थोडे अधिक कष्ट मागते. घर ते काम हे अंतर मोजले, की हा सौदा आपल्या फायद्याचा आहे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.