इंग्रजीचे अध्यापन, खाजगी शाळांतील
खाजगी व्यवस्थापनाच्या शाळांतून दिले जाणारे इंग्रजी भाषेचे शिक्षण. १८५४ च्या वुडच्या खलित्यात अनुदानपद्धतीचा पुरस्कार करण्यात आल्यानंतर भारतात अशा शाळांच्या वाढीस चालना मिळाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक प्रभृतींनी १८८० मध्ये पुणे येथे स्थापिलेले न्यू इंग्लिश स्कूल हे त्यांचे ठळक उदाहरण होय. इंग्रजी विद्या एतद्देशीयांच्या हातून व अल्प खर्चात मिळावी, हा त्यामागील हेतू होता. मुंबई विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेस इंग्रजी अत्यावश्यक असल्याने त्या काळी व्याकरण, भाषांतर व पाठांतर यांवर भर असे. संभाषणास गौण स्थान होते. पुढे प्रत्यक्ष व संरचना पद्धतींनी वाक्यरचनेच्या तोंडी सरावास महत्त्व दिले.

महाराष्ट्रात २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी हा विषय शिकविला जातो. तथापि इंग्रजी ‘विषय’ म्हणून शिकणे व ‘माध्यम’ म्हणून स्वीकारणे, यांत मूलभूत भेद आहे. घरी इंग्रजी कानावर न पडणाऱ्या मुलास माध्यमच अनाकलनीय राहिल्यास गणित, विज्ञानादी विषयही केवळ घोकंपट्टीचे होतात. शिवाय शुल्क भरण्याच्या ऐपतीनुसार भाषेचे ज्ञान मिळू लागल्यास सामाजिक विषमता दृढ होते. म्हणून मातृभाषेचा पाया पक्का करून त्यावर प्रशिक्षित शिक्षकांकरवी इंग्रजी शिकविणे, हा मार्ग अनेक शिक्षणतज्ञांना श्रेयस्कर वाटतो.