तांदुळाचा पांढरेपणा

मधल्या सुटींत मुलांचे डबे उघडतात, तेव्हां कोणाच्या डब्यांत मोगऱ्यासारखा शुभ्र भात दिसतो, तर कोणाच्या डब्यांत जाड, तांबूस उकड्या तांदुळाचा. हा दुसरा डबा पुष्कळदां झांकणाआडच राहतो. त्याच्या धन्यास त्याची लाज वाटते. ही लाज कितपत रास्त आहे, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही करावा, म्हणून हे चार शब्द आम्ही लिहीत आहों.

साळीच्या दाण्यास बाहेरून टरफल असतें. आंत कोंड्याचा पातळ पापुद्रा, एका टोंकास अंकुर व मध्यें पिठूळ गाभा, अशी त्याची रचना आहे. जीवनसत्त्वें, क्षार व तेल यांचा मोठा वांटा पापुद्र्यांत व अंकुरांत असतो. पूर्वीं घरोघर उखळांत मुसळानें साळ सडीत; तेव्हां टरफल निघे, परंतु पापुद्र्याचा कांहीं अंश दाण्यास चिकटून राही. गिरणींतील यंत्र मात्र दाणा घासून गुळगुळीत करतें, आणि पापुद्रा व अंकुर हे कोंड्यांत जातात.

याचा परिणाम काय होतो, हें कोंबड्यांनीं दाखविलें! गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत जावा बेटांत बेरीबेरी या रोगानें कहर मांडला होता. रोग्याचे पाय लुळे पडत, सूज येई, व हृदय दुर्बळ होऊन मृत्यूही ओढवे. डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान हे बटाव्हिया, म्हणजे आजचें जकार्ता, येथें त्या रोगाचे जंतु शोधीत होते. प्रयोगशाळेंतील कोंबड्यांस लष्करी रुग्णालयांतील शुभ्र भात घालीत. त्या लंगडूं लागल्या. पुढें नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांस देण्याचें त्यानें साफ नाकारलें. मग त्यांस साधा, न घासलेला तांदूळ मिळूं लागला, आणि त्या बऱ्या झाल्या!

आइकमान यांस वाटलें कीं, गाभ्यांत विष असून पापुद्र्यांत त्याचा उतारा आहे. १९०१ सालीं ग्रेन्स या दुसऱ्या डच वैद्यानें खरें मर्म सांगितलें: विष कोठेंच नाहीं, एका आवश्यक द्रव्याची उणीव आहे. तेंच आजचें ‘ब-१’ जीवनसत्त्व होय. या शोधाबद्दल आइकमान यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां कोंकण व गोमंतक येथील उकड्या तांदुळाकडे पाहा. साळ भिजवून, उकडून व वाळवून मग सडतात. हें जीवनसत्त्व पाण्यांत विरघळणारें असल्यामुळें उकडतांना त्याचा कांहीं अंश पापुद्र्यांतून गाभ्यांत मुरतो. मग यंत्रानें पापुद्रा काढला, तरी तो अंश वांचतो. आमच्या आजींस जीवनसत्त्वाचें नांव ठाऊक नव्हतें, पण तें राखण्याची रीत मात्र तिच्या हातीं होती.

यांत यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. मुसळाचे कष्ट स्त्रियांच्याच वांट्यास येत; शिवाय पापुद्र्यांतील तेलामुळें असडीक तांदूळ लवकर खवट होतो. ज्या घरीं डाळ, भाजी व मासळी पुरेशी असते, तेथें शुभ्र भातानें एवढी हानि होत नाहीं. परंतु जेथें भातच मुख्य अन्न, तेथें ती खरोखर होते.

म्हणून पालकांस आमची विनंति इतकीच कीं, शक्य तेथें उकडा किंवा कमी सडलेला तांदूळ घ्यावा, तो फार वेळ चोळून धुऊं नये, व पेज फेंकूं नये. आणि मुलांनो, उद्यां डब्याचें झांकण बाजूस ठेवा. लाज वाटण्याजोगें त्यांत कांहींच नाहीं.