तंबोऱ्याची घोडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सोनपेठच्या भजनी मंडळात एक जुना तंबोरा आहे. तो कुणी आणला, कधी आणला, हे सांगणारं माणूस आता गावात उरलेलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. गाणं मला येत नाही. तरी तंबोरा छेडण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण दोन-दोन तास मागे बसून न कंटाळता एकच गोष्ट करत राहणारा दुसरा कुणी मंडळाला सापडला नाही.

काही वर्षांपूर्वी हा तंबोरा रुसला. म्हणजे सुरात लागायचा, पण बोलायचा नाही. तार छेडली की ‘टण्’ असा आवाज निघे आणि तिथंच संपे. मी तारा बदलल्या. पावसाळी हवेला दोष दिला. याच सुमारास आमचे तात्या, मंडळातले सर्वांत जुने गाणारे, म्हणू लागले, ‘‘मास्तर, आता माझा आवाज गेला. सूर सापडत नाही.’’ सत्तरी उलटलेला माणूस. आम्हाला वाटलं, खरंच असेल. पुढे ते यायचेच बंद झाले. तंबोऱ्याचं बिघडणं आणि तात्यांचं न येणं यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी लाकडी तबली असते, तिच्या मधोमध एक छोटी चौरंगासारखी पट्टी बसवलेली असते. तिच्यावरून चारही तारा जातात. हीच घोडी. मी नीट पाहिलं तर तारांनी घासून घासून घोडीवर खाचा पडल्या होत्या. मला वाटलं, सापडलं दुखणं! ओळखीच्या सुताराला बोलावून सांगितलं, की खाचा काढ आणि वरची बाजू अगदी सपाट, गुळगुळीत कर. त्यानं कामात काही कसर ठेवली नाही. काचेसारखी करून दिली. आणि तंबोरा होता त्याहून मुका झाला.

शेवटी गवसणीत घालून, परळीला जाऊन मिरजेच्या गाडीत बसलो. वाटेत पंढरपूर लागतं. ज्या भोपळ्यांचे तंबोरे होतात, ते याच भागात, भीमेच्या काठानं पिकतात. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला आहे. हत्यारांना धार लावणारी, पॉलिश करणारी शिकलगार मंडळी संस्थानी काळात हत्यारांचं काम कमी झाल्यावर वाद्यांकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले होते, आणि ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

ज्या कारागिरांकडे गेलो त्यांनी तंबोरा छेडलासुद्धा नाही. मान वाकवून डोळा घोडीच्या पातळीला आणला आणि विचारलं, ‘‘ही घासली कुणी?’’ मी कबूल केलं. ते म्हणाले, ‘‘सुताराची चूक नाही. सपाट कर म्हटलं, त्यानं केली. पण मास्तर, ही सपाट दिसते, असते मात्र नाही.’’

इथं माझ्यातला विज्ञान शिक्षक जागा झाला. आता गंमत बघा. जुन्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात डबल बास नावाचं माणसाएवढं उंच, व्हायोलिनच्या कुळातलं वाद्य असे. त्याची घोडी सहा इंचांच्या आसपास उंच, मेपलच्या लाकडाची, दोन पायांवर उभी. तिच्या माथ्यावर तार एका अरुंद कडेवर टेकते. म्हणजे तारेची लांबी तिथं पक्की बांधलेली. तारेची थरथर दोन पायांतून खालच्या फळीत उतरवायची, एवढंच त्या घोडीचं काम. पण तेही साधं नव्हे. घोडी जाड ठेवली तर आवाज दबतो, तासून हलकी केली तर उजळतो. वाजवणारे तिच्या डोक्यावर एक वजन चढवतात तेव्हा सारं वाद्य कुजबुजू लागतं, कारण जड घोडी बारीक, जलद कंपनं खाली पोचू देत नाही. आपल्या सारंगीची घोडीही अशीच उभी. तुणतुण्याला तर घोडीच नसते. तार थेट खालच्या चामड्याला बांधलेली, म्हणून गोंधळ्याच्या हातात ते ‘तुण तुण’ एवढंच म्हणतं.

तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद, आणि तिचा माथा किंचित, अगदी केसाएवढा, उतरता व गोलसर. तार थरथरताना खाली आली की त्या उतारावर थोडी अधिक टेकते, वर गेली की सुटते. म्हणजे तारेची मोकळी लांबी दर कंपनाला किंचित कमी-जास्त होत राहते. या टेकण्या-सुटण्यातून मूळ सुराची शक्ती वरच्या, बारीक स्वरांत वाटली जाते, आणि तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव तयार होतो. यालाच आपण जवारी म्हणतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात, तो तारेला नेमक्या जागी एवढासा उचलून धरतो. दोरा सुतभर इकडे-तिकडे झाला की आवाज बदलला.

सर सी. व्ही. रामन यांना नोबेल मिळालं प्रकाशावरच्या कामासाठी, १९३० साली. पण त्याआधी, १९२१च्या सुमारास, त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला होता. पुस्तकी नियम असा, की तार ज्या जागी छेडावी त्या जागी ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गायब. रामन यांनी दाखवलं, की तंबोरा हा नियम पाळत नाही. जे नसायला हवेत तेही उपस्वर खणखणीत ऐकू येतात, आणि त्याचं कारण घोडीचा आकार.

याचा गाणाऱ्याला उपयोग काय? हिशेब सोपा आहे. समजा, खर्जाची तार सेकंदाला ७० वेळा कंप पावते. तिच्यातून १४०, २१०, २८०, ३५० असेही स्वर निघतात. १४० आणि २८० हे पुन्हा षड्जच, २१० हा पंचम, आणि ३५० हा गंधार. तंबोऱ्यात गंधाराची तार कुठंच नसते, तरी उत्तम लागलेल्या खर्जातून तो आपोआप ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. जवारी बोलकी असेल तरच तो स्पष्ट उमटतो. गाणाऱ्याचा गळा या सगळ्या स्वरांवर टेकून चालतो.

मी खाचांबरोबर घोडीचा उतारच काढून टाकला होता. तंबोऱ्याच्या अंगावर डबल बासची घोडी बसवली म्हणा ना! दोरा कुठंही सरकवा, एक तर तार घोडीला लागेच ना, नाही तर सबंध पृष्ठावर आपटून नुसती चरचर.

ते काम पाहायला मी अर्धा दिवस बसून राहिलो. पट्टी नाही, माप नाही. कानस दोन वेळा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा उतरवायची. चारही तारांसाठी हे वेगवेगळं. खर्जाची पितळी तार जाड, तिचा हेलकावा मोठा, म्हणून तिच्याखालचा उतारही निराळा. पूर्वी घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते हळूहळू गेलं. आता उंटाचं हाड, कठीण लाकूड नाहीतर कृत्रिम पदार्थ. हाड कठीण, म्हणून खाचा उशिरा पडतात. पण पडतातच, आणि मग पुन्हा जवारी काढावी लागते. मी विचारलं, हे शिकायला किती काळ लागतो? ते हसले. म्हणाले, ‘‘हात लवकर शिकतो. कानाचं सांगता येत नाही.’’ मोबाईलवरचा तंबोरा आता सगळीकडे आहे, मीही प्रवासात लावतो. पण असा कान तयार करणाऱ्याला पुरेसं काम मिळेल का, ही काळजी मला त्या दुकानात बसल्या बसल्या वाटली. अजून वाटते.

परत आल्यावर तंबोरा घेऊन सरळ तात्यांच्या घरी गेलो. काही न बोलता ओसरीवर बसून छेडू लागलो. ते आतून आले, खांबाला टेकून बसले. बराच वेळ नुसते ऐकत होते. मग षड्ज लावला. आवाज सत्तरीतलाच होता, वरचा षड्ज काही त्यांना पूर्वीसारखा लागला नाही. पण खालचे स्वर जागच्या जागी बसत होते. थांबून म्हणाले, ‘‘मास्तर, इतके दिवस मला वाटत होतं माझंच काहीतरी बिघडलंय.’’

पुढच्या एकादशीला ते मंडळात आले. शिवणाच्या दोऱ्याचं एक रीळ तेव्हापासून गवसणीच्या खिशात असतं. दोरा झिजला की मी तो बदलतो. घोडीला मात्र हात लावत नाही.