निर्वात कोठी : पत्र्याच्या डब्यापासून हजिऱ्यापर्यंत

शाळेच्या प्रयोगशाळेतील एक जुना प्रयोग आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पत्र्याच्या डब्यात थोडे पाणी घालून ते खळखळा उकळू द्यावयाचे, वाफेबरोबर आतील हवा निघून गेली की डबा ज्योतीवरून उतरवून बूच घट्ट बसवावयाचे आणि वरून गार पाणी ओतावयाचे. क्षणार्धात डबा कागदाप्रमाणे चुरगळतो. त्यास कोणी हात लावलेला नसतो. त्यास चिरडते ती आपल्या सभोवतालची हवा. आतील वाफेचे पाणी झाले म्हणजे डब्यास आतून तोलून धरणारे काही उरत नाही, आणि दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम असा वातावरणाचा भार बाहेरून पडतो. वीस सेंटिमीटर रुंद व पस्तीस सेंटिमीटर उंच अशा एका बाजूवर हा भार सातशे किलोग्रॅम होतो!

निर्वात कोठी म्हणजे हा भार सोसूनही न चुरगळणारे, आतून जवळजवळ रिते असे पात्र. अणुकेंद्रांच्या संमीलनाचे प्रयोग तिच्यावाचून होत नाहीत. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची केंद्रके एकत्र येऊन हेलियम बनतो व प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. परंतु केंद्रके धनविद्युत्‌भारित असल्याने एकमेकांस दूर लोटतात. फार मोठ्या वेगाने आदळली तरच ती जुळतात. साध्या हवेत कोणताही कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकेही अंतर न जातो तोच दुसऱ्या कणावर आपटतो. सणाच्या संध्याकाळी आपल्या चौटा बाजारात धावू पाहणाऱ्या मुलाची जी गत, तीच त्या कणाची. म्हणून प्रथम गर्दी हटवावी लागते.

दूरचित्रवाणीच्या जनकांपैकी एक, अमेरिकेचे फायलो फार्न्सवर्थ यांनी १९६०च्या दशकात यासाठी एक सुटसुटीत उपकरण तयार केले. कोठीच्या मध्यभागी तारेची छोटी जाळी असते. तीस हजारो व्होल्टचा ऋण विद्युत्‌दाब दिला म्हणजे ड्यूटेरियमची, अर्थात जड हायड्रोजनची, केंद्रके तिच्याकडे झेपावतात व त्यांतील थोडी एकमेकांशी जुळतात. मिळणारी ऊर्जा खर्चिलेल्या ऊर्जेपुढे नगण्य असते. पण संमीलन झाल्याची साक्ष बाहेर पडणारे न्यूट्रॉन देतात. पुढे अनेक हौशी प्रयोगकर्त्यांनी असे उपकरण बनविले. २००८ साली टेलर विल्सन या चौदा वर्षांच्या अमेरिकन मुलानेही ते साधले, मात्र विद्यापीठातील जाणत्यांच्या मदतीने.

अशी कोठी बहुधा पोलादी गोलाची असते, कारण गोलावर भार सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एकूण सव्वा टन भार पडतो. दोन अर्धगोलांच्या रुंद काठांमध्ये रबराचे अथवा तांब्याचे कडे ठेवून समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळीत जातात. एकच बाजू आधी आवळली तर सांधा तिरका बसून गळतो. नंतर एक पंप हवेचा दाब मूळच्या लाखाव्या भागापर्यंत उतरवितो. त्यापुढे त्याची मजल जात नाही. मग दुसरा पंप तापलेल्या तेलाच्या वाफेच्या झोताने उरलेले कण खाली ढकलतो व पहिला पंप ते बाहेर काढतो. तरीही काटा अडून राहतो. गळती नसली तरी आतील भिंतींना चिकटलेली बाष्पे सावकाश सुटत असतात; बोटाचा एक तेलकट ठसाही तासन्‌तास त्रास देतो! म्हणून कोठी निर्मळ धुऊन तापवितात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हा प्रयोग घरी करावयाचा नाही. तो विद्युत्‌दाब एका स्पर्शाने प्राण घेतो, उपकरणातून क्ष-किरण निघतात, आणि काचेचे कमजोर पात्र आत कोसळून त्याचे तुकडे उडतात. निर्वाताची ओळख शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेतील पंपावरच करून घ्यावी.

आता आपल्या अभिमानाची गोष्ट. फ्रान्समधील कादाराश येथे अनेक राष्ट्रे मिळून 'ईटर' नावाची संमीलन-भट्टी उभारीत आहेत. तिच्या सभोवतीची निर्वात कोठी ही भारताची देणगी असून तिचे भाग आपल्या सुरतेजवळ, हजिरा येथील लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात तयार झाले. उंची व व्यास दोन्ही सुमारे एकोणतीस मीटर, वजन सुमारे ३,८५० टन! एवढे पात्र अखंड नेणे अशक्य. म्हणून ते ५४ भागांत घडवून समुद्रमार्गे पाठविले व तेथे सांधले. मे २०२० मध्ये १,२५० टनांचा तळभाग जागेवर बसला.

ही कोठी मात्र निराळ्या कामाची आहे. संमीलन घडावयाचे ते तिच्या आतील दुसऱ्या निर्वात पात्रात, पंधरा कोटी अंश तापमानाला. आणि त्याच्या अवतीभोवतीची अतिसंवाहक चुंबके मात्र उणे २६९ अंशांवर थंड ठेवावयाची. बाहेरील उष्णता त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून, चहाच्या थर्मासात दोन भिंतींमध्ये असते तशी पोकळी येथे हवी. तीत हवेचा दाब वातावरणाच्या शंभर कोटीव्या भागावर आणावयाचा असतो. तेव्हा एकट्या झाकणावर साडेसहा हजार टनांहून अधिक भार येईल.

आणि इतक्या टनांचे श्रम डोळ्यांस न दिसणाऱ्या एका छिद्राने व्यर्थ जाऊ शकतात. म्हणून अशा कोठ्यांच्या जोडांवर बाहेरून हेलियम सोडतात व त्याचा अंश आत पोचतो का, हे सूक्ष्म यंत्राने पाहतात. सूर्याची शक्ती पृथ्वीवर आणण्याचे स्वप्न शास्त्रज्ञांचे खरे. पण ते ज्या जोडावर उभे आहे, तो जोड कारागिराच्या स्थिर हाताने घातलेला असतो. तापीच्या मुखाशी असे हात आहेत, हे सुरतेच्या मुलांनी विसरू नये.