फोटो ठेवण्याची जागा निवडताना
इमेज होस्टिंग म्हणजे फोटो एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून त्याची लिंक इतरत्र वापरणे. फोटो दिसतो एका पानावर, येतो मात्र भलतीकडूनच. त्यामुळे त्या कंपनीने धोरण बदलले की जुन्या पानांवर रिकाम्या चौकटी उरतात. २००३ साली सुरू झालेल्या फोटोबकेट या सेवेने २०१७ मध्ये अशा बाहेरच्या वापरासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलरची योजना सक्तीची केली आणि असंख्य फोटोंच्या जागी पैसे भरण्याची सूचना झळकू लागली. टायनीपिक तर २०१९ मध्ये बंदच झाले. इमगुरने २०२३ मध्ये खात्याविना चढवलेले, वापरात नसलेले जुने फोटो काढून टाकायचे ठरवले. अशा सेवांच्या ‘मोफत, अमर्याद, कायमचे’ या आश्वासनातला तिसरा शब्द सर्वांत कमी भरवशाचा ठरतो, तो असा.

निवडताना फोटोची थेट लिंक मिळते का आणि खाते उघडून तो नंतर स्वतः काढता येतो का, हे आधी पाहावे. मोबाइलने काढलेल्या फोटोत त्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. काही सेवा ते पुसतात, काही तसेच ठेवतात. घरातल्या फोटोंबाबत हा मुद्दा फोटोच्या स्पष्टतेपेक्षा मोठा आहे. सार्वजनिक यादीत न दिसणारी लिंकही, ती ज्याच्या हाती पडेल त्याच्याकडे उघडते.