बारा पावसाळे, एक बाल्कनी

2014 च्या जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहायला गेले होते. गुलाबांपाशी रेटारेटी होती म्हणून बाजूला सरकले, तर एका पसरट कुंडीत एचेवेरिया दिसलं. निळसर राखाडी पानं कमळासारखी एकात एक घट्ट बसलेली, आणि त्यांवर द्राक्षांवर असतो तसा पांढुरका मेणाचा थर. न राहवून मी बोट लावलं, आणि बोटाचा ठसा तिथं तसाच राहिला. वाढलेल्या पानावर तो थर सहसा पुन्हा भरून येत नाही, हे पुढं कळलं. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, डोळे भरून बघा, पण हात लावू नका.

त्याच महिन्यात एका नर्सरीतून सहा रोपं आणली. दोन एचेवेरिया, एक हॅवर्थिया, एक जेड, एक स्नेक प्लांट आणि लाल टोपीवालं एक कॅक्टस. "आठवड्यातून एकदा पाणी घाला, बाकी काही बघायला नको," असं सांगून विक्रेत्यानं पिशवी हातात दिली. त्यानंतर मी जे काही शिकले, ते या एका वाक्यातला शब्दन्‌शब्द खोडत शिकले.

जूनपर्यंत सगळं छान होतं. बाल्कनी पूर्वेची, वर छप्पर आहे, पण वारा सुटला की झड आत येते. दर रविवारचं पाणी मी नेमानं घालत होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका एचेवेरियाचं खालचं पान पिवळट, पारदर्शक झालं, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं. नुसतं बोट टेकवलं तर गळून हातात आलं. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. चौथ्या दिवशी अख्खं झाड देठापासून निखळलं. आत काळपट लगदा होता आणि त्याला आंबूस वास येत होता. पंधरवड्यात दुसरंही गेलं. हॅवर्थिया तेवढं ठणठणीत राहिलं, कारण ते स्वयंपाकघराच्या खिडकीत मिक्सरमागं होतं आणि रविवारी त्याला पाणी घालायचं माझ्या ध्यानातच राहत नसे.

दुसऱ्या वर्षी एक वही घातली. कोणत्या दिवशी कोणाला पाणी दिलं, कोणतं पान सुरकुतलं, पाऊस किती दिवस लागून राहिला, सगळं त्यात. पुस्तकं आणि व्हिडिओही पुष्कळ पाहिले, पण ते बहुतेक थंड मुलखातल्या लोकांनी केलेले. त्यांचं सांगणं एकच: उन्हाळा हा वाढीचा काळ, तेव्हा पाणी द्या, हिवाळा विश्रांतीचा, तेव्हा बंद करा. माझी वही नेमकं उलट बोलत होती. पुन्हा आणलेल्या एचेवेरियाला नवी पानं फुटायची ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हॅवर्थियाचे तुरेही थंडी सरता सरता यायचे. एप्रिल-मेमध्ये दोघंही मिटून, आक्रसून बसायची, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जरा पाणी जास्त झालं की सडायची. तीन वर्षं हा ताळा पुन्हा पुन्हा जमला, तेव्हा मी पुस्तकांचं वेळापत्रक बाजूला ठेवलं.

यामागचं कारण समजलं तेव्हा फार आनंद झाला. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडतात. ही रसाळ झाडं मात्र उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ती दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेड आला की त्यातून साखर करायची, असा त्यांचा व्यवहार. रात्र गार असली तर तो सुरळीत चालतो. एचेवेरियाचं मूळ घर मेक्सिकोचे उंच डोंगर, तिथं रात्री गारठा असतो. आपल्याकडच्या मेमधल्या उकाड्याच्या आणि जुलैतल्या दमट रात्री त्यांना सोसत नाहीत. झाडाचं काम मंदावतं, मुळं पाणी ओढेनाशी होतात, आणि कुंडीत साचलेलं पाणी बुरशीच्या कामी येतं.

ही आम्लाची गोष्ट भारतातच, आणि तीही जिभेनं, टिपली गेली आहे. मद्रासकडे काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडसर. लंडनच्या लिनियन सोसायटीनं हे निरीक्षण 1815 मध्ये छापलं. पानफुटी तर आमच्या साताऱ्याकडच्या घरी परसात, न्हाणीघराच्या पाण्याशेजारी उभी असायची. मूतखड्यावर म्हणून आई तिची पानं मागेल त्याला द्यायची. शाळेत असताना मी तिचं पान वहीत ठेवायचे आणि आठवड्यानं त्याच्या कडेला दातऱ्या-दातऱ्यांतून इवलाली रोपं फुटलेली बघायचे. 2016 च्या डिसेंबरात तिची एक फांदी गावाहून आणून लावली होती. पहाटे सहाला एक पान तोडून जिभेला लावलं, तर कैरीच्या सालीसारखं आंबट. संध्याकाळी पाचला त्याच फांदीवरचं दुसरं लावलं, तर नुसतं पाणचट. ही झाडं मी लहानपणापासून ओळखत होते. 'सक्युलंट' हा शब्द तेवढा नवा होता.

मातीनं पाण्याइतकाच वेळ घेतला. नर्सरीतून रोपं येतात ती नुसत्या कोकोपीटमध्ये किंवा चिकट लाल मातीत. कोकोपीट आठ-आठ दिवस ओलं राहतं, आणि लाल मातीचा गोळा वाळला की विटेसारखा होतो, मग पाणी कडेनं निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. बरेच प्रयोग करून मी एका मिश्रणावर आले: एक भाग बागेची माती, दोन भाग बारीक खडी आणि विटांचे तुकडे, अर्धा भाग लोणारी कोळशाचा चुरा, ओंजळभर गांडूळखत. विटांचे तुकडे शेजारच्या बांधकामावरून मागून आणते आणि फुटून झालेली पूड चाळणीनं काढून टाकते, कारण तीच पूड पुढं चिखल करते. पाणी ओतल्यावर दहा आकडे मोजायच्या आत ते बुडातून बाहेर आलं पाहिजे. आणि कुंडी मातीची, भाजलेली, बुडाला भोक असलेली.

2017 च्या पावसाळ्यात जेडचं खोड बुडाशी मऊ लागलं. आता मला लक्षण कळत होतं. झाड उपटलं, मुळं काळी पडलेली. ब्लेड स्पिरिटनं पुसून खोड आडवं कापलं. मधोमध तपकिरी वर्तुळ. बोटभर वर कापलं, तरी तपकिरी. प्रत्येक कापाला ब्लेड पुसत गेले, आणि पाचव्या वेळी आतला गाभा स्वच्छ पोपटी निघाला. उरलेला शेंडा जेमतेम चार बोटं होता. तो आठ दिवस सावलीत वर्तमानपत्रावर ठेवला. जखमेवर कोरडी खपली धरली तेव्हा कोरड्याच मातीत खोचला आणि पंधरा दिवस पाण्याचा थेंब दाखवला नाही. तो शेंडा आज दोन फुटांचं झाड आहे. जाता जाता सांगते, आपल्याकडे जेड म्हणून विकलं जातं ते पुष्कळदा खरं जेड नसतं, पोर्टुलॅकारिया असतं. दक्षिण आफ्रिकेत ते हत्तींचं खाद्य आहे. लहान पानांचं, लालसर देठाचं असेल तर बहुधा तेच. आपल्या उन्हात ते जेडपेक्षा चांगलं टिकतं, त्यामुळं या अदलाबदलीबद्दल माझी तक्रार नाही.

याच सुमारास या झाडांची लाट आली. लग्नमुंजीत परतभेट म्हणून एचेवेरियाची पिटुकली रोपं मिळू लागली, काचेच्या गोळ्यांत रंगीत वाळू भरून त्यांत हॅवर्थिया दिसू लागलं. एका दुकानातून घेतलेल्या कॅक्टसचं गुलाबी फूल महिनाभर उमललेलंच राहिलं, तेव्हा जवळून पाहिलं. वाळवून रंगवलेलं फूल गोंदानं चिकटवलेलं होतं, आणि त्याखाली झाडाचा शेंडा दबून गेला होता. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. माझं लाल टोपीवालं कॅक्टस तिसऱ्या वर्षी गेलं. त्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो एकटा जगूच शकत नाही, म्हणून ड्रॅगनफ्रूटच्या जातीतल्या हिरव्या खोडावर त्याचं कलम करतात. ही जोडी फार वर्षं टिकत नाही. विकताना हे सांगायला हवं. आता सांगली-सोलापूरकडे ड्रॅगनफ्रूटच्या बागा झाल्या आहेत. तेही निवडुंगाच्याच कुळातलं, याचं पुष्कळांना नवल वाटतं.

'स्नेक प्लांट ठेवा, घरातली हवा शुद्ध होते' हेही तेव्हापासूनच घरोघरी पोचलं. याचं मूळ नासानं 1989 मध्ये केलेल्या प्रयोगात आहे, पण तो बंद पेटीत केलेला प्रयोग होता. अशा प्रयोगांचा 2019 मध्ये पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा निघालं की खिडकीदारं उघडल्यानं जेवढी हवा बदलते तेवढा फरक पडायला चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडं लागतील. स्नेक प्लांट मला फार आवडतं. ते सुंदर आणि चिवट आहे, एवढी ओळख त्याला पुरे.

2020 च्या टाळेबंदीत सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी ही झाडं घेतली. कालिम्पोंगच्या नर्सऱ्यांमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, माती झाडून टाकलेली रोपं पार्सलनं यायची. डोंगरातल्या गार हवेत वाढलेली, गुबगुबीत आणि रंगदार. ज्यांनी ती आल्या आल्या लावून पाणी घातलं त्यांची महिनाभरात गेली. मी सगळ्यांना वहीतलं पान लिहून दिलं: आठवडाभर उघड्यावर सावलीत ठेवा, वाळलेली मुळं कापा, कोरड्या मातीत लावा, पाण्याची घाई करू नका. जी रोपं हिवाळ्यात आली ती बहुतेक जगली, जून-जुलैत आलेली बहुतेक गेली. माझ्या वहीला दुसऱ्यांच्या बाल्कनीतून दुजोरा मिळाला तो तेव्हा.

पुढच्याच वर्षी कुणाकडून तरी आणलेल्या एका रोपाबरोबर पिठ्या ढेकूण आला. पानांच्या बेचक्यात कापसाच्या बोंडासारखं पांढरं काही दिसलं, मी धूळ समजले. पंधरा दिवसांत अकरा कुंड्यांत तो पसरला. रोज रात्री बॅटरी लावून, कानकोरण्याला गुंडाळलेला कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक किडा टिपायचा, हे मी दोन महिने केलं. तेव्हापासून नवं रोप महिनाभर वेगळं, जिन्यातल्या खिडकीत राहतं.

घरच्या झाडांकडेही मी नव्यानं पाहू लागले. ब्रह्मकमळ फुलणार असलं की रात्री शेजारीपाजारी जमतात, पूजा होते, फोटो निघतात. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळंच. आपल्या कुंड्यांतलं हे मेक्सिकोकडून आलेलं, जंगलात दुसऱ्या झाडांच्या आधारानं वाढणारं निवडुंग आहे. पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड. हे कळल्यावर मी त्याला बाकीच्या कॅक्टसांच्या रांगेतून काढून सावलीत, पानांच्या कुजलेल्या खतात हलवलं. पूर्वी वर्षाला दोन फुलं यायची, गेल्या वर्षी चौदा आली.

आणि 2022 च्या सप्टेंबरात शिवनेरी. या परिसरात शिंदळ माकुडी नावाची रसाळ वनस्पती आहे हे वाचलं होतं, तिच्यासाठीच गेले. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. जगात ती फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड ही त्यांतली काही ठिकाणं. एका तुटलेल्या कातळाच्या भेगेत ती लोंबत होती. बोटाएवढी मांसल, गुळगुळीत खोडं आणि त्यांवर हिरवी पानं, जी पाऊस सरला की गळतात आणि उन्हाळाभर नुसती खोडं तगून राहतात. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पाच टोकांचं, गडद तपकिरी-लाल, त्यावर पिवळे ठिपके. दहा फुटांवरून, दुर्बिणीतून मी ते तासभर पाहिलं. आठ वर्षं मेक्सिको आणि आफ्रिकेच्या झाडांसाठी जीव टाकला, आणि पाऊस अंगावर घेऊन फुलणारं हे झाड घरापासून शंभर किलोमीटरच्या आत होतं.

दक्षिण आफ्रिकेत 2019 नंतर कोनोफायटम नावाची गोट्यांएवढी रसाळ झाडं डोंगरांवरून पोत्यांनी उपसली गेली, ती हौशी लोकांच्या खिडक्यांसाठी. कॅलिफोर्नियात समुद्रकड्यांवरच्या डडलिया या रसाळ झाडांची चोरी इतकी वाढली की 2021 मध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. मागणी माझ्यासारख्या माणसांचीच. म्हणून शिवनेरीवरची ती भेग नेमकी कुठं आहे हे मी इथं लिहीत नाही.

आज बाल्कनीत 34 कुंड्या आहेत. आठवड्याचा वार कुणालाच लागू नाही. मेपासून सप्टेंबरपर्यंत एचेवेरिया आणि हॅवर्थियाला खालची पानं सुरकुतेपर्यंत पाणी नाही, आणि झड लागली की कुंड्या भिंतीशी सरकतात. दसऱ्याला त्या पुन्हा कठड्याशी येतात. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, पहिलं रोप दिवाळी झाल्यावर घ्या, म्हणजे पावसाळा यायच्या आत तुमची आणि त्याची ओळख होईल. आणि सप्टेंबरात एखाद्या गडावर कातळात ठिपक्यांचं तपकिरी-लाल फूल दिसलं, तर जवळ बसून बघा, पण कुंडीत लावायला त्या झाडाची फांदी मोडून आणू नका.